घरातल्या माणसाचा राजकीय प्रवास कसा लिहून काढावा

आजोबा राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर जात असत, आत्या युवक क्रांती दलाच्या मोर्चात चालली होती, काका १९८२ च्या गिरणी संपात होते, आणि आज यांपैकी एकही जण त्या वेळच्या जागी उभा नाही, अशी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. अशा माणसाचा राजकीय प्रवास त्याच्या हयातीत लिहून काढावा असे पुढच्या पिढीला वाटते, आणि मग एखाद्या रविवारी दुपारी मोबाइल समोर ठेवून विचारले जाते की, तुमचे विचार कसे बदलत गेले? उत्तर बहुधा सुरेख मिळते. त्याला आरंभ असतो, एखादा प्रसंग असतो, त्या प्रसंगाने उघडलेले डोळे असतात. या उत्तरावर विसंबून लिहिलेला वृत्तान्त मात्र पुष्कळदा चुकीचा निघतो, आणि त्यात सांगणाऱ्याचा खोटेपणा असतोच असे नाही. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोणता प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवावा, याविषयी मला जे उमगले ते येथे मांडत आहे.

सांगणारा कुठे चुकतो हे आधी समजून घ्यावे. अमेरिकेत १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांची राजकीय मते नोंदवून घेण्यात आली, आणि त्याच माणसांना १९७३ व १९८२ मध्ये पुन्हा गाठण्यात आले. १९८२ मध्ये त्यांना आजचे मत तर विचारलेच, शिवाय नऊ वर्षांपूर्वी आपण काय सांगितले होते तेही आठवायला लावले. ग्रेगरी मार्कस या अभ्यासकाने ही उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा लोकांना आठवणारे जुने मत हे कागदावरच्या जुन्या मतापेक्षा आजच्या मताच्या अधिक जवळ असल्याचे दिसले. मत सरकते तेव्हा आठवणही त्याच्यामागून सरकते, आणि माणसाला आपण पूर्वीपासून असेच होतो असे प्रामाणिकपणे वाटू लागते. माझ्या एका काकांनी आणीबाणीला आपण पहिल्या दिवसापासून विरोध केला असे मला सांगितले होते, आणि मी ते तसेच उतरवून घेतले होते. पुढे त्यांच्याच ट्रंकेत १९७५ ची डायरी सापडली. तीत जुलै महिन्यात कचेऱ्यांत माणसे वेळेवर येऊ लागल्याबद्दल समाधान नोंदवलेले होते. विरोधाचा पहिला शब्द पुढच्या वर्षी, ओळखीच्या एका शिक्षकाला अटक झाल्यानंतर उमटला होता. डायरी हातात दिल्यावर काका बराच वेळ पाने उलटत राहिले आणि मग अक्षर आपलेच असल्याचे त्यांनी कबूल केले. तेव्हापासून मी माणसाशी बोलण्याआधी त्याचे कागद पाहतो.

आधी ट्रंक, मग माणूस

कागद म्हटले की लोकांना पक्षाचे सभासदपत्र आठवते, पण ते क्वचितच सापडते. त्याहून बोलके कागद घरात दुसऱ्याच ठिकाणी असतात. ‘साधना’, ‘मार्मिक’, ‘विवेक’ किंवा एखाद्या कामगार संघटनेचे मुखपत्र यांच्या वर्गणीच्या पावत्या पाहाव्यात, आणि वर्गणी कधी सुरू झाली यापेक्षा ती कोणत्या वर्षी भरायची राहिली याकडे अधिक लक्ष द्यावे. लग्नपत्रिका मिळाल्यास ती नीट वाचावी : वर कोणत्या देवाचे किंवा महापुरुषाचे नाव आहे, विवाह नोंदणी पद्धतीने झाला की वैदिक, सत्यशोधक की बौद्ध पद्धतीने, आहेर स्वीकारणार नाही असे छापले आहे काय. थोरल्या भावाची पत्रिका आणि पंधरा वर्षांनंतरची धाकट्या बहिणीची पत्रिका शेजारी शेजारी ठेवली, तर घराचे काय झाले ते पुष्कळदा तिथेच कळते. मुलांची नावे, शाळेच्या दाखल्यावरील जात आणि धर्माचे रकाने, बदलून घेतलेले आडनाव, कैदेतून आलेली पत्रे, आंतरदेशीय पत्रांच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेल्या ओळी, हे सगळे तारखेसह मिळते.

जुनी छायाचित्रे चाळताना माणसांइतकेच त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहावे. बैठकीच्या खोलीत कोणाच्या तसबिरी होत्या, त्यांचा क्रम काय होता, आणि रंग देण्यासाठी उतरवलेली कोणती तसबीर परत चढलीच नाही, हे विचारल्यावर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांना हा राजकीय प्रश्न वाटत नाही.

कागदांची तारीखवार मांडणी झाली की एका मोठ्या तावावर तक्ता आखावा. डावीकडे वर्ष, त्याशेजारी त्या वर्षीचे त्या व्यक्तीचे वय, मग घरातील घटना, आणि सर्वांत उजवीकडे बाहेरच्या घटना. वयाचा रकाना गाळू नये, कारण अनेक चुका तिथेच पकडल्या जातात. मतदानाचे किमान वय १९८९ पर्यंत २१ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. त्यामुळे १९५७ साली जन्मलेली व्यक्ती आपण १९७७ मध्ये जनता पक्षाला मत दिले असे सांगत असेल, तर ती घरातल्या थोरांचे मत किंवा नंतरच्या एखाद्या निवडणुकीतले स्वतःचे मत आठवत आहे. अशा वेळी तिथल्या तिथे चूक दाखवू नये, तक्त्यात खूण करून ठेवावी. न दिलेले मतही आपण दिले असे ज्या निवडणुकीबद्दल वाटते, ती निवडणूक त्या घरात किती मोठी घटना होती, हे त्या चुकीवरूनच कळते.

निवडणुकीचे वर्ष निश्चित करायचे असेल तर पक्षाऐवजी चिन्ह विचारावे. शिक्का कशावर मारला होता, या प्रश्नाला वृद्ध माणसे चटकन उत्तर देतात. बैलजोडी सांगितली तर ती काँग्रेस १९६९ च्या फुटीपूर्वीची. गाय-वासरू सांगितले तर १९७१ ते १९७७ मधली. हात सांगितला तर त्यानंतरची. जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, भाकपचा विळा-कणीस, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचा हत्ती, १९७७ च्या जनता पक्षाच्या उमेदवारांनी लोकदलाकडून घेतलेला नांगरधारी शेतकरी, ही चिन्हे स्मरणात घट्ट बसलेली असतात. मात्र मतदान गुप्त असते आणि ते सांगण्यास कोणीही बांधील नाही, याची आठवण आपणच आधी करून द्यावी. पत्नी किंवा पती शेजारी बसलेले असताना तर हा प्रश्न काढूच नये.

चार गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात

माणूस बदलला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान चार गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली त्याचे एखाद्या प्रश्नावरील मत, दुसरी त्याची ओळख, म्हणजे ‘मी समाजवादी’, ‘मी संघाचा’, ‘मी आंबेडकरवादी’ असे तो स्वतःला काय म्हणवतो ते, तिसरी त्याचे मतदान, आणि चौथी त्याची सोबत. या चारही गोष्टी एकाच वेळी क्वचितच बदलतात, आणि त्यांचा बदलण्याचा क्रम टिपणे हेच या कामाचे मर्म आहे.

माझ्या पाहण्यात सर्वांत चिवट असते ती ओळख. सहकार, राष्ट्रीयीकरण, परवाने यांविषयीची सगळी मते १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर हळूहळू उलटी झालेली असतानाही स्वतःला समाजवादीच म्हणवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तो शब्द त्यांनी केवळ सवयीने वापरला असे मला वाटत नाही. तारुण्यातले मित्र, शिबिरातली गाणी, आंतरजातीय लग्ने आणि तुरुंगातले दिवस या सगळ्यांना मिळून त्यांच्यापाशी तेवढा एकच शब्द होता. उलट काहींची मते होती तशीच राहतात आणि पाटी तेवढी बदलते. क्रांतिसिंह नाना पाटील प्रतिसरकारच्या, म्हणजे बेचाळीसनंतर सातारा भागात ब्रिटिशांना समांतर चाललेल्या राजवटीच्या, काळात चाळिशी ओलांडलेले होते. स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढे कम्युनिस्ट पक्षात आले, आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. पक्षांची नावे ओळीने लिहिली तर तीन मुक्काम दिसतात, पण सावकारी आणि शेतकरी यांविषयीची त्यांची भूमिका पाहिली तर वाट एकच दिसते. लिहिताना केवळ पक्षांतरांची यादी दिली की हा भेद पुसला जातो.

माणूस जागच्या जागी बसलेला असताना पक्षच त्याच्याखालून सरकला, असेही घडते. काँग्रेस १९६९ मध्ये फुटली, रिपब्लिकन पक्षाचे गट पडत गेले, १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली. अशा प्रत्येक वेळी सामान्य कार्यकर्त्याला काहीही न बदलता नवी ओळख निवडावी लागते. म्हणून तक्त्यात प्रत्येक फुटीपाशी विचारावे की, त्या आठवड्यात तुम्ही कोणाकडे गेलात आणि कोणाचा निरोप आधी आला.

सोबत या चौथ्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन या मुलींच्या महाविद्यालयात थिओडोर न्यूकम्ब यांनी १९३५ ते १९३९ या काळात केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. सधन, जुन्या वळणाच्या घरांतून आलेल्या या मुली उदारमतवादी प्राध्यापकांच्या आणि मैत्रिणींच्या सहवासात बदलल्या. त्या घरी परतल्यावर पुन्हा पूर्वीसारख्या होतील असे कोणालाही वाटले असते. पण १९६० च्या सुमारास आणि नंतर १९८४ मध्ये त्यांना पुन्हा गाठले तेव्हा बहुतेक जणींनी ती मते टिकवलेली होती. टिकवणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळक होती : त्यांचे पती आणि पुढच्या आयुष्यातली मित्रमंडळीही त्याच विचारांची होती. विशीत घेतलेले मत टिकते ते बऱ्याच अंशी आपण त्याला साजेशी माणसे भोवती जमवतो म्हणून.

आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत ही निवड कितीदा त्यांच्या हातात होती, हा प्रश्न त्यामुळेच विचारावा लागतो. सेवा दलाच्या कलापथकात गाणारी मुलगी संघाच्या घरात सून म्हणून गेली, किंवा राष्ट्र सेविका समितीच्या (संघविचाराच्या स्त्रियांच्या संघटनेच्या) शाखेवर वाढलेली मुलगी कम्युनिस्ट घरात आली, तर तिचे मत बदलले, दडले, की दोन्ही घरांत वेगवेगळे राहिले, हे तिला एकटीला भेटल्याशिवाय कळणार नाही. घरच्या वृत्तान्तात स्त्रियांचा राजकीय प्रवास पतीच्या प्रवासात एका वाक्यात उरकला जातो. तो स्वतंत्र ताव घेऊन लिहावा. माहेरी गेल्यावर काय बोलणे होई, तिथले कोणते पाक्षिक वाचायला मिळे, महागाईविरोधी लाटणे मोर्चाला जाताना घरी काय सांगून निघालात, असे साधे प्रश्न येथे कामी येतात.

वय, काळ आणि पिढी

तक्ता भरला की अर्थ लावण्याची घाई होते, आणि पहिला सुचणारा अर्थ म्हणजे वय झाले की माणूस जुन्या वळणावर येतो. हा निष्कर्ष लिहिण्याआधी तीन शक्यता तपासाव्यात. बदल खरोखरच वयाने, म्हणजे नोकरी, घर, मुले, आजारपण यांनी घडला असेल. किंवा काळाने, म्हणजे आणीबाणीचे १९७५, मंडलचे १९९०, बाबरी मशीद पडली ते १९९२ यांसारख्या वर्षांनी सर्व वयाच्या माणसांना एकाच दिशेने ढकलल्यामुळे घडला असेल. किंवा जो बदल वाटतो तो दोन पिढ्यांमधला फरक असेल, आणि माणूस स्वतः होता तिथेच असेल. मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा ऑगस्ट १९९० मध्ये झाली तेव्हा जे वीस वर्षांचे होते आणि जे पन्नास वर्षांचे होते, त्यांच्यावर झालेला परिणाम एकसारखा असणे शक्य नाही. म्हणून त्या वर्षीचे वय पुन्हा एकदा पाहावे.

पिढीच्या स्पष्टीकरणावरही फार भार टाकू नये. नाशिकरोडच्या तुरुंगात १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही विशी-तिशीतली माणसे एकत्र होती, आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्या सहवासात आकाराला आली. पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला. तुरुंग एक, पुस्तके बहुतांशी तीच, वये जवळपासची. पुढे मसानी सोव्हिएत रशियातील दमनाने विटून समाजवादापासून दूर गेले आणि १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत दिसले. अच्युतरावांनी बेचाळीसच्या भूमिगत लढ्यात मोठी कामगिरी केली, पण स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत पक्षीय राजकारण सोडून ते तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचाराकडे वळले. अशोक मेहता नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदावर आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेले. जयप्रकाश मार्क्सवादाकडून सर्वोदयाकडे आले, १९५४ मध्ये त्यांनी जीवनदान केले, म्हणजे आपले आयुष्य भूदान-सर्वोदयाच्या कामाला वाहिले, आणि सत्तरीत पुन्हा आंदोलनाच्या अग्रभागी उभे राहिले. एसेम (जोशी) आणि नानासाहेब (गोरे) अखेरपर्यंत समाजवादी राहिले. एका कोठडीतून इतक्या वाटा फुटतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘त्यांची पिढीच तशी होती’ असे वाक्य लिहिताना हात थांबतो.

ज्यांचे राजकारण तारुण्यात सुरूच झाले नाही अशांसाठी तक्त्याची वरची बाजू रिकामी राहील, ती तशीच राहू द्यावी. शरद जोशी चाळिशीपर्यंत टपाल खात्यात आणि मग स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते; नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि शेती तोट्यात का जाते याचा हिशेब मांडता मांडता शेतकरी संघटना उभी राहिली. अशा माणसाच्या विशीत पुढच्या राजकारणाची बीजे शोधण्याचा मोह चरित्रकारांना फार होतो, आणि शोधली की ती सापडतातही.

प्रत्यक्ष भेट

आता माणसापाशी बसावे, आणि एका बैठकीत सगळे उरकू नये. तासाभराच्या तीन-चार बैठका, मध्ये आठवडाभराचे अंतर, असे ठेवले तर दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीतल्या गोष्टींची दुरुस्ती माणूस आपण होऊन करतो. ‘का बदललात’ हा प्रश्न शेवटच्या बैठकीपर्यंत विचारू नये. तो विचारला की माणूस समर्थन देऊ लागतो, आणि एकदा दिलेल्या समर्थनाला पुढची सगळी उत्तरे बांधली जातात. त्याऐवजी करण्याच्या आणि थांबवण्याच्या गोष्टी विचाराव्यात. कोणत्या सभेला जायचे बंद केले, कोणाच्या घरचे येणेजाणे थांबले, वर्तमानपत्र कधी बदलले, मोर्चात शेवटचे कधी चाललात, एखाद्या घोषणेला तोंड उघडेनासे कधी झाले. या शेवटच्या प्रश्नाला मला आजवर सर्वांत खरी उत्तरे मिळाली आहेत.

बदलाचा एकच दिवस शोधू नये. बहुतेकांना असा दिवस नसतो, आणि आपण हट्ट धरला तर ते तो तयार करून देतात. जिथे असा दिवस खरोखरच आहे, तिथेही त्याच्या पुढचे विचारावे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांची ओळख एका दिवसात आणि सामुदायिकपणे बदलली. परंतु घरातले देव कोणत्या महिन्यात विसर्जित झाले, आजीने ते कोठे लपवून ठेवले होते काय, पहिले लग्न नव्या पद्धतीने कोणाचे लागले, गावाने काय केले, या उत्तरांतून ती ओळख घरात मुरायला किती वर्षे लागली ते समजते.

दोघांची आठवण परस्परविरोधी निघाली तर दोन्ही लिहाव्यात आणि कागदाने काय सांगितले तेही लिहावे. निकाल देण्याची गरज नाही.

लिहिताना

मसुदा करताना काही शब्द बाजूला ठेवावेत. ‘परिपक्वता आली’, ‘व्यवहार कळला’, ‘भानावर आले’ हे शब्द ज्या दिशेने बदल झाला ती दिशा बरोबर होती असे गृहीत धरतात. ‘भरकटले’, ‘विकले गेले’, ‘तत्त्वांशी तडजोड केली’ हे शब्द उलट गृहीत धरतात. नामदेव ढसाळ यांच्याविषयी लिहिताना अनेकांची लेखणी येथेच घसरली आहे. दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेला हा कवी १९७४ मध्ये राजा ढाले यांच्यापासून मार्क्सवादाच्या मुद्द्यावर वेगळा झाला, आणीबाणीत इंदिरा गांधींच्या बाजूने राहिला, आणि पुढे शिवसेनेच्या जवळ जाऊन ‘सामना’त लिहू लागला. यावर एका शब्दात शेरा मारणे सोपे आहे. त्या प्रत्येक वळणावर त्याच्याबरोबर कोण होते, त्याच्यापाशी पैसा किती होता, प्रकृती कशी होती, आणि कवितेत तेव्हा काय चालले होते, हे तारीखवार मांडणे कठीण आहे. घरच्या काकांनाही तीच वागणूक द्यावी.

शक्य तिथे क्रियापदे वापरावीत : गेले, थांबले, वर्गणी भरली, तसबीर उतरवली, बोलले नाहीत. इतर हयात व्यक्तींची नावे त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नयेत, नाते किंवा भूमिका सांगितली तरी वाचकाला पुरते. मसुदा पूर्ण झाल्यावर तो त्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, समासात जागा सोडावी, आणि तिच्या हरकती तिच्याच अक्षरात तिथे उमटू द्याव्यात. मूळ मजकूर मात्र त्या हरकतींप्रमाणे बदलू नये. दोन्ही शेजारी राहू द्यावेत.

आपण स्वतः कोणत्या बाजूचे आहोत हेही पहिल्या पानावर तारखेसह लिहावे, कारण कोणते प्रश्न सुचले आणि कोणते सुचलेच नाहीत ते त्यावर अवलंबून असते. त्याखाली आरक्षण, शेतमालाचा भाव, शाळेतल्या भाषा, मुलांची आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्ने, पोलिसांचे अधिकार या पाच विषयांवरची आपली आजची मते दोन-दोन वाक्यांत मांडावीत, कोणाशी बोलून ती तयार झाली ते लिहावे, पान पाकिटात घालून चिकटवावे, आणि ते पाकीट त्याच ट्रंकेत ठेवावे.